आईच्या झावळीची राख

राखेचा बुधवार, वाशी. संध्याकाळ.

येशूच्या फोटोमागे खोचलेला झावळीचा क्रूस दिसेना, म्हणून पप्पांवर ओरडलेच. गेल्या वर्षी आईने विणलेला, तिचा शेवटचा. "चर्चमध्ये दिला. आजच्या राखेसाठी जुन्या झावळ्या जाळतात ना," म्हणाले. अहो, पण तोच कशाला? आणि मी तरी एवढी का चिडले?

सकाळी आम्ही दोघं चर्चमधून कपाळाला राख लावून येताना लिफ्टमध्ये शेजारच्या काकू पप्पांना म्हणाल्या, "कपाळाला काहीतरी काळं लागलंय." तर हे हसून, "राहू द्या, बायको आहे." तेव्हा मला काही कळलंच नव्हतं.

"येत्या झावळ्यांच्या रविवारी नवा क्रूस तू विण," आता म्हणतात. मला कुठे येतो? शिकेन.

मघाशी तोंड धुवायला बेसिनपाशी गेले होते. नळ न उघडताच परत आले.