एकाच दिवशी दोन निकाल

प्रिय दादा,

तुला असं पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. राखीच्या पाकिटात दोन ओळी खरडायचे तेवढंच. पण रविवारी तुमच्या सांगलीच्या क्लासचे वॉर्डन पंधरा मिनिटं फोन हातात देतात, त्यातली दहा आबा 'टेस्टला किती पडले' यात घालवतात, उरलेल्यात आई 'जेवतोस का' विचारून डोळे पुसते, आणि माझ्या हातात फोन येतो तेव्हा तू 'बरी आहेस ना' म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहिते. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तू मधलं सगळं सोडून खाली उडी मारशील, पेपर वाचतानाही तू तेच करतोस. सोलापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात माझा नंबर लागलाय. परवा संध्याकाळपर्यंत तिथं हजर झाले नाही तर सीट जाईल. आणि मला जाऊ द्यायचं की नाही, यावर आपल्या घरात तीन आठवडे कुणी नीट बोलत नाहीये. हे सगळं तुला माहीत आहे, हेही आता मला माहीत आहे. पण ते क्रमानं सांगते.

गावात तसं बरं चाललंय. खालच्या तुकड्यातल्या आल्याला कंदकूज लागली, वरचं वाचलं. वीरधवलकाकांना सरपंच व्हायचंय, त्यामुळे चौकातला फ्लेक्स दर आठवड्याला बदलतो. ऋषिराज पोलीस भरतीत लागला, त्याचा लागला. क्रांतीला शिष्यवृत्ती मिळाली, तिचा लागला. शिवतेजच्या खोंडाचा वाढदिवस झाला तर खोंडाच्या डोळ्यांवर गॉगल चढवून त्याचाही लागला. माझा लागला नाही. लावू नका म्हणून आबा स्वतः काकांकडे जाऊन सांगून आले, आणि विचारणाऱ्यांना 'पोरगी नर्सिंगला लागली' म्हणून सांगितलं. आता पाणी भरताना बायका मला 'नर्स' म्हणतात आणि मी हसून मान हलवते. मला हे इतकं सहज जमायला लागलंय की माझीच मला चीड येते.

तुझा फ्लेक्स आठवतो? दहावीचा निकाल लागला तेव्हाचा. काकांनी आबांना विचारलं होतं, 'फोटोखाली काय लिवू?' आणि आबांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, 'लिवा की भावी डॉक्टर.' तुला कुणी विचारलंसुद्धा नाही. तू तेव्हा शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळत होतास. दुसऱ्या दिवसापासून गावानं तुझं राजवर्धन हे नावच काढून घेतलं. समोरच्या बनुबाई गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या, 'आवं डॉक्टर, ही उपाशीपोटी घ्यायची का जेवून?' तू पाकिटावरचं वाचून मोठ्या ऐटीत सांगायचास आणि त्या गेल्यावर आपण दोघं पोट धरून हसायचो. मेडिकलच्या परीक्षेत पहिल्यांदा तुला कमी मार्क पडले तेव्हाही लोक डॉक्टरच म्हणत राहिले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा म्हणताना एकमेकांकडे बघायला लागले. मग तू बैलांच्या बेंदराला घरी आला नाहीस, यात्रेला आला नाहीस. आबा म्हणायचे, अभ्यास आहे. मला कारण ठाऊक होतं.

तुला शेतकी कॉलेजला जायचं होतं. आल्याच्या वाफ्यांवर ठिबकच्या नळ्या अंथरताना तू मला हे एकदाच बोलला होतास, अकरावीत असताना. 'मग आबांना सांग की,' असं मी म्हटलं, तर तू म्हणालास, 'आणि तो फ्लेक्स कोण उतरवणार?' तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं. मी त्यावर हसलेही होते.

दिवाळीत आम्ही तुला भेटायला सांगलीला आलो, ते मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुमच्या क्लासच्या दारातच फळा होता, त्यावर रविवारच्या टेस्टचे नंबर, वरून खाली. मार्क बघून बाकं बदलायची. रिपीटर बॅच तळघरात, जिथं आधी गाड्या लावायचे. तू आमच्याबरोबर खानावळीत जेवायला बसलास आणि दुसरी पोळी नको म्हणालास, जास्त खाल्लं की दुपारी झोप येते म्हणून. दोन्ही अंगठ्यांची सालटं काढून काढून तू ते लाल करून ठेवले होतेस. आईनं पिशवीतल्या लाडवांच्या डब्यातलं तूप बोटावर घेऊन तुझ्या अंगठ्यांना लावलं आणि तू हात मागे घेतलास. नंतर ते सर आले आणि आबांना म्हणाले, पोरगा ताकदीचा आहे, थोडक्यात हुकला, यंदा नक्की होईल. त्यांच्याकडे दरवर्षी सगळ्यांचं थोडक्यातच हुकतं. परतीच्या एसटीत आबा आईला म्हणाले, 'जरा वाळलाय, पण आभ्यास करतोय पोरगं.' आई खिडकीबाहेर बघत बसली. मी मागच्या सीटवर होते. मी बोलायला हवं होतं असं तू म्हणशील. आपल्या घरात माझं कोण ऐकतं?

माझं तर नर्सिंगचंच ठरलेलं होतं. नर्स झालेल्या मुलीला स्थळं बरी येतात, हा आबांचा हिशेब. मेडिकलच्या परीक्षेचा फॉर्म कॉलेजच्या मॅडमनी भरायला लावला, असू दे म्हणून. अभ्यास मी तुझ्या जुन्या पुस्तकांवरून केला. त्यातली उत्तरं तू पेन्सिलनं आधीच लिहून ठेवलेली, ती खोडरबरनं पुसत पुसत मी बसायचे. पहिल्या पुस्तकात तुझं अक्षर कसं टपोरं आहे. शेवटच्या पुस्तकात एकच उत्तर तीनतीनदा गिरवून पान फाटलेलं. ते पुसायला मला जीव होईना, ती पानं मी तशीच ठेवली.

परीक्षा तुझी आणि माझी एकाच दिवशी. तुझं सेंटर सांगलीला, माझं साताऱ्याला. आबा आदल्या दिवशीच तुझ्याकडे मुक्कामाला आले, पाण्याची बाटली आणि देवाचा अंगारा घेऊन. मी वर्गातल्या रेश्माबरोबर आणि तिच्या आईबरोबर एसटीनं गेले, फाटकावर कानातलं काढायला लावलं ते रेश्माच्या आईच्या पदराला बांधलं, पेपर दिला आणि येताना तिघींनी वडापाव खाल्ला. माझ्यावर कुणाची नजर नव्हती, म्हणून मला ताण नव्हता. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. आपल्या दोघांत फरक असेल तर तो एवढाच आहे, असं मला खरंच वाटतं.

निकालही एकाच दिवशी आला. आबांनी आधी तुझा बघितला. मग माझा बघावा असं कुणी म्हणालंच नाही. मी संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन माझा माझा बघितला. आईला सांगितलं तर तिनं मला उराशी धरलं, आणि लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला, आवाज बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. पेढे नाहीत, ओवाळणं नाही. घरात सुतक असल्यासारखं होतं आणि मी त्यात नटून आल्यासारखी उभी. आबांनी माझा आकडा दोनदा विचारला आणि म्हणाले, 'आत्ता कुणाला बोलायचं न्हाई. राजाच्या डोक्याला ताप नगं.' त्या रविवारी त्यांनी तुला फोनवर सांगितलं की शिवूचंही नाही झालं. मी शेजारीच उभी होते, दादा. तू म्हणालास, 'जाऊ दे, पहिलीच वेळ आहे तिची.' किती दिवसांनी तुझा आवाज मोकळा ऐकला मी. म्हणून मीही गप्प बसले.

मग कॉलेजांची यादी लागली आणि सोलापूर मिळालं. मला वाटलं, आता तरी. तर आबा म्हणाले, यंदाचं राहू दे. 'फुडल्या वर्षी दोघं संगंच जावा की. तुझी हुशारी काय पळून जातीया व्हय?' हातात आलेली सीट सोडून पुन्हा परीक्षा द्यायची, कारण धाकटीनं थोरल्याच्या आधी जायचं नाही. जणू लग्नाची रांगच ती. मी जेवण सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा आबांना उलटून बोलले, तुम्हाला मुलगी नकोच होती म्हणाले. एरवी एवढ्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. ते नुसते उठून गोठ्यात गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बुधवारी आईनं सांगितलं. तुझ्या खोलीतला अरिहंत त्याच्या बहिणीचं, ब्राह्मीचं नाव यादीत शोधत होता आणि त्याला तुझंमाझं आडनाव दिसलं. तू दुसऱ्याचा फोन मागून आबांना लावलास. तू जे बोललास ते आईनं मला शब्दन् शब्द सांगितलं. तुमी मला फसवलंत. शिवू तिकडं गेली तर मी गावात पाय ठेवणार न्हाई, आन मला कुठं शोधायला बी येऊ नका. विहिरीत शोधा म्हणालास, रेल्वेवर शोधा म्हणालास. फोन स्पीकरवर होता म्हणे, म्हणून तिनंही सगळं ऐकलं.

मला तुझा राग आला. अजून आहे. तू मला कबड्डीतले डाव शिकवलेस, सायकल शिकवलीस, आणि स्वतःचा जीव माझ्या रस्त्यात आडवा टाकलास. हे तुला शोभलं नाही. माझं काय चुकलं? तुझ्याच पुस्तकांवर अभ्यास केला, हे? पण खरं सांगू, तुझ्यापेक्षा जास्त राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला. मी आईला विचारलं, दादा असं बोलला आणि तुम्ही त्याला आणायला गेला नाहीत? तीन आठवडे? आई म्हणाली, 'आगं, रविवारची टेस्ट बुडंल की त्याची.' दादा, ही आपली माणसं आहेत. तू मरतो म्हणालास आणि यांनी मला घरात थांबवलं. तुला मात्र तिथंच ठेवलं, टेस्ट बुडू नये म्हणून. आई वाईट नाही, आबाही नाहीत. आबा त्या दिवसापासून धड झोपलेले नाहीत. पण तुझ्यासमोर यायची त्यांना भीती वाटते. तू 'नको मला हे' म्हणशील याची ती भीती आहे, आणि मग इतकी वर्षं ज्याला डॉक्टर म्हटलं त्याला काय म्हणायचं, हे त्यांना माहीत नाही.

दोन दिवस मी ठरवलं होतं की जायचं नाही. आबांना तसं सांगितलंही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले. मग मी पुढचं वर्ष डोळ्यांसमोर आणून बघितलं. तू त्याच तळघरात, आणि आता तुझ्या मानेवर माझंही एक वर्ष. मी तुझ्यासाठी सीट सोडली, हे आबा तुला दर रविवारी ऐकवणार. आणि पुन्हा थोडक्यात हुकलं तर? आज जे बोललास ते त्या दिवशी तू करशील, याची मला खात्री वाटायला लागली. मी घरात बसून तू वाचणार नाहीस. त्या क्लासमधून बाहेर आलास तरच वाचशील. मला एवढंच कळतं.

म्हणून मी कवठे महांकाळला मानसिंगमामाला फोन केला. घरात कुणाला विचारलं नाही. फौजेतून आल्यापासून त्याला कुणी कामच सांगत नाही, अशी त्याची तक्रार असते, तर हे काम सांगितलं. तो आज इथं आला, आबांशी बंद दाराआड बोलला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, 'तू तुझं आवर गं, मी त्याला घिऊन येतो.' उद्या पहाटे आई आणि मी म्हसवडवरून जाणाऱ्या गाडीनं सोलापूरला निघतोय आणि मामा तुझ्याकडे. आबांनी मला जा म्हटलं नाही, नको जाऊ असंही म्हटलं नाही. हे पत्र तुझ्या हातात आहे म्हणजे मामा तुझ्यासमोर कॉटवर बसलेला आहे. तुला बाहेरून काही कळायच्या आत तो तुझ्याजवळ असावा, म्हणून फोन न करता त्याच्या हातानं हे पाठवलं. तो तुला समजावायला आलेला नाही. अभ्यासाचं एक अक्षर काढायचं नाही, अशी मी त्याला ताकीद दिली आहे. तो तुला घरी न्यायला आलाय आणि तुझ्याशिवाय तिथून हलणार नाही, रात्रही तिथंच काढेल. तू म्हणाला होतास, ती गेली तर मी नाही. मी जाणार, आणि तूही राहणार. यातलं एकच घे, असं आता मला कुणी सांगायचं नाही, तूसुद्धा नाही. माफीबिफी पुढं कधीतरी बघू, आत्ता माझ्याजवळ ती नाहीये. तू आत्ता फक्त उठ, कपडे आवर, पुस्तकं तिथंच राहू देत, आणि मामाबरोबर चालायला लाग.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि तरी तुझीच,
शिवू