सशांचा पाला

बाबा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतात. सागाच्या भुशाचा वास असलेले, नखांच्या कडेला काळे पडलेले हात. शेठच्या लाकडाच्या डेपोत तुम्ही देखरेखीला होतात. गावाबाहेर तारेचं कुंपण, आत ओंडक्यांच्या थप्प्या, एका अंगाला लाकूड चिरायचं आरा मशीन आणि मागच्या अंगाला आपल्या दोन खोल्या. कुंपण संपलं की जंगल. दिवसभर मशीनची किरकिर चालायची आणि ती थांबली की मागच्या रानातली पाखरं ऐकू यायची. शहरातून आलेल्या माणसाला तिथे राहणं शिक्षा वाटली असती. मला तेवढंच जग ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मला दोनदा हिवताप आला. ताप उतरला, पण मी बोलेनाशी झाले, जेवेनाशी झाले. आई ताट पुढे ठेवायची आणि तसंच उचलायची. मग एका संध्याकाळी तुम्ही चंद्रपूरहून ट्रकमध्ये बसून आलात, मांडीवर बांबूची टोपली, वर गोणपाट. "पाहा बरं आत काय हाय," म्हणालात. गोणपाट उचललं तर दोन पांढरे ससे, एकमेकांत तोंड खुपसून बसलेले. त्यातल्या मादीचा एक कान पडलेला होता. मी हात लावला तेव्हा ती थरथरली, आणि मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. आई दारात उभी राहून म्हणाली, "आपल्याच पोटाची मारामार, अन् यायले काय घालसान?" तुम्ही म्हणालात, "यायचं जेवण दुकानात नाई भेटत. रानात भेटते. माही पोरगी आनते पाह्य रोज." मी आणीन, हे तुम्हीच ठरवलंत. दुसऱ्या दिवशी अंगात ताकद नसताना मी उठून चप्पल घातली.

तिथून पुढचं वर्ष दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं, हे मी अजूनही नाकारू शकत नाही. मशीन सुरू व्हायच्या आधी आपण कुंपणाच्या फटीतून बाहेर पडतो. तुमच्या हातात विळा, माझ्या खांद्यावर जुनी चादर. "आधी हात, मंग इळा," तुम्ही म्हणता. आधी पान हातात घ्यायचं, चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं, मग कापायचं. केना ओळखायला मला वेळ लागत नाही, त्याची निळी फुलं दिसतातच. पाथरी तोडली की पांढरा चीक येतो, पण ती चालते. रुईलाही पांढरा चीक येतो आणि ती चालत नाही, म्हणून नुसत्या चिकावर जायचं नाही. घोळ बांधावर भेटते. पाणी सुकलेल्या नाल्याच्या काठी बांबूचा कोवळा पाला. बोरीची फांदी काट्यांसकट न्यायची. काटे काढू नको, म्हणता, त्यायले बरोबर समजते. आणि खरंच, पडक्या कानाची मादी काट्यांच्या मधून ओठ घालून एकेक पान अशी खुडायची की मी तासभर बघत बसायची. दवात भिजलेला पाला लगेच टाकायचा नाही, पोट फुगतं. म्हणून चादर अंगणात पसरून तो आधी वाळवायचा, आणि तोवर ससे जाळीला पुढचे पाय लावून उभे.

एकदा मी उंबराची फांदी कापायच्या ऐवजी ओढली. फांदी आली, पण खोडाची साल हातभर सोलत आली. तुम्ही माझ्या हातातली फांदी घेऊन खाली टाकलीत. ओरडला नाहीत. "चामडी सोलली तू त्याची," म्हणालात. "आता हे झाड तुयी तक्रार कोनाले सांगन?" मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर मी तुमच्या मागे मागे चालत आले. संध्याकाळी तुम्ही माझा हात धरून पुन्हा त्या झाडाजवळ नेलंत आणि सोललेल्या जागी दोघांनी मिळून शेणमाती लावली. असे होतात तुम्ही. झाडाशी सुद्धा खोटं वागायचं नाही, असं मला वाटायचं तुमच्याकडे बघून.

आणि कळलावी. श्रावणात ती आपल्याच कुंपणावर चढायची, लाल-पिवळी फुलं, ज्वाळेसारखी. मी पहिल्यांदा हात पुढे केला तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. "हे पाहून ठेव. दिसाले नवरीवानी, पोटात गेली का संपलं. हिच्या पानाचं टोक पाह्य, कसं वळलं हाय. दुसऱ्या कोन्या पाल्याचं असं नसते." मी पाहून ठेवलं. त्यानंतर केन्याचा प्रत्येक भारा मी बांधायच्या आधी खाली ओतून बघायची. ती सवय तुम्हाला माहीत होती. तुम्हीच तर एकदा आईला कौतुकानं सांगितलं होतं, "चिवडून चिवडून पाह्यते, सोनारावानी."

सशांना पिल्लं झाली, पिल्लं मोठी झाली. फळकुटांचा एक खुराडा पुरेना, म्हणून तुम्ही दुसरा ठोकलात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत मी एकटी जायला लागले होते. रानातल्या वाटा मला शाळेच्या वाटेपेक्षा जास्त पाठ होत्या. बायका सरपण घेऊन जाताना विचारायच्या, "सशायची माय, आज काय भेटलं?" मी शाळेतल्या बाईंसारखं उत्तर द्यायची.

मग तो शनिवार. सकाळची शाळा करून मी घरी आले. दोन्ही खुराडे उघडे होते. नुसते उघडे नाही, धुतलेले. पाणी अजून फळ्यांवरून गळत होतं. तुम्ही अंगणात पाटावर बसला होतात, कामाच्या वेळी, मशीन चालू असताना. आई आत होती आणि बाहेर आली नाही.

मी विचारलं, "ससे कुठी हायेत?"

तुम्ही मला जवळ बोलावलंत. तुमच्या मुठीत एक वेल होता. तुम्ही तो माझ्या तळहातावर ठेवलात. पानाचं टोक वळलेलं.

"सकाळच्या पाल्यात हे होतं," तुम्ही म्हणालात. "सगळ्यायनं खाल्लं. एक नाई वाचला."

"मी पाह्यलं होतं, बाबा. ओतून पाह्यलं होतं."

"पाह्यलं असशीन. एखाद्या वेळेस होते नजरचूक." मग तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "रडू नोको. तू काई मुद्दाम नाई केलं. मी तुयावर रागावलो नाई."

खुराड्यामागे ताज्या मातीचा उंचवटा होता. तुम्ही तो मला दाखवलात. मी त्यावर झेंडूची फुलं वाहिली. मी रोज वाहिली, पाऊस थांबेपर्यंत. तुम्ही ओसरीवरून बघत होतात, मला आठवतं.

त्यानंतर मी रानात गेले नाही. तुम्ही दोनतीनदा म्हणालात, "चाल, मोहाच्या झाडापर्यंत जाऊन येऊ," आणि मी अभ्यास आहे म्हणाले. अभ्यास केलाही खूप. पुस्तकात विषारी असं काही नसतं. बारावीनंतर नागपूरला गेले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले, नागभीडला लग्न होऊन आले. सगळं सरळ. पण घरात तरोट्याची भाजी आली तर ती मी निवडायला घ्यायची नाही. सासूबाई हसायच्या, पाने निवडता येत नाहीत का मास्तरीणबाईंना. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, तिला पहिला घास भरवायचा होता, साधा मऊ भात. मी चमचा आईच्या हातात दिला. म्हटलं, तू भरव, तुझा हात चांगला आहे. आईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला त्या पाहण्याचा अर्थ कळला नाही.

तुम्ही गेलात, आणि तुमच्या पुण्यानुमोदनाला डेपोतले लोक आले. मशीन तोवर बंद पडलं होतं, शेठही राहिला नव्हता, पण लोक आले. त्यात ट्रक चालवणारे ते भाऊ होते, ज्यांच्या गाडीतून तुम्ही टोपली मांडीवर घेऊन आला होतात. जेवणं झाली, मांडवात पाचसहा जण बसले, तुमच्या आठवणी निघाल्या. सगळे चांगलंच बोलत होते. भाऊ म्हणाले, "अन् याच्या हातची चव! त्या वक्ताले शेठचे पाव्हने आले होते नागपूरवरून. त्यायले सशाचं मटन पायजे. आता रानातला ससा मारला तर जंगलवाले धरतीन. शेठनं याच्या अंगनात पाह्यले पांढरे ससे. म्हने, हे काऊन नाई चालत? यानं काई नाई म्हटलं. सोताच कापले, सोताच शिजवले. पाव्हने बोटं चाटून राह्यले होते."

कुणीतरी हसलं. भाऊंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून सांगितलं, जणू मला बरं वाटावं म्हणून: "बाई, त्या साली शेठ तुमच्या बाबाले सिरोंच्याकडच्या डेपोत पाठवून राह्यला होता. त्या जेवनानंतर बदलीचं नावच नाई निंगालं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो खाली ठेवला आणि आत गेले.

आई चुलीपाशी उरलेलं अन्न वेगळं करत होती. मी म्हटलं, "आई, त्या मातीत काही नव्हतं?" तिनं विचारलं नाही कोणत्या मातीत. तिचे हात थांबले. म्हणाली, "कातड्या होत्या."

"तुले माहीत होतं."

"त्यायनं शपथ घातली होती. सिरोंच्याकडे गेलो असतो तर तुयी शाळा सुटली असती. तिकडं त्या डेपोत जंगलाशिवाय काई नव्हतं. तुये बाबा म्हने, पोरगी शिकली पायजे."

"मग मला सांगायचं. नाहीतर मुंगसानं नेले म्हणायचं. कोल्ह्यानं नेले म्हणायचं. माझ्यावर का घातलं?"

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "मीनं बी तेच म्हटलं होतं. मुंगसाचं सांगा. तर ते म्हने, मुंगसाचं सांगतलं तर पोरगी दुसरे ससे मागन. अन् मी आनून देईन. अन् शेठ पुन्हा येईन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू पुन्हा मागू नये, म्हनून."

बाबा, तुम्ही ससे कापलेत याचा राग मला त्या दिवशीही फारसा आला नाही. शेठच्या पुढे तुम्ही काय बोलणार होतात, हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं आहे. मीही साहेबांपुढे मान हलवते. पण तुम्ही उठून कुंपणाशी गेलात. हात लावू नको म्हणून मला शिकवलेला वेल स्वतःच्या हातानं तोडलात. मी शाळेतून यायची वाट बघत तो मुठीत धरून बसलात. मी ओतून पाहिलं होतं म्हणाले, तेव्हा मी खरं बोलते आहे हे त्या अंगणात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही मला माफ केलंत. माझ्या डोक्यावर हात ठेवून, तुमच्या स्वतःच्या करणीसाठी तुम्ही मला माफ केलंत, आणि ती माफी मी पंचवीस वर्षं उपकारासारखी बाळगली. माझ्या बाबांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, रडत.

आई सांगते, त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. सांगते, पुढेही कधी ससा दिसला की मान वळवायचात. असेल. ते ऐकून मला बरं वाटावं असं तिला वाटतं. मला वाटत नाही. तुम्ही त्यानंतर पंचवीस पावसाळे जगला असाल, आणि माझ्या घरी येऊन माझ्या हातचं जेवलात, आणि माझी मुलगी आजीच्या हातून पहिला घास खाताना तुम्ही तिथे भिंतीला टेकून बसला होतात. एकदा म्हणायचं होतं. कधीही, काहीही काम करता करता. मी ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग माझे हात मला परत मिळाले असते.

आता मीच धाकट्या मुलाला घेऊन घोडाझरीच्या रानातल्या वाटेनं जाते कधीकधी. पान चुरगाळून नाकाशी नेते. जमतं हळूहळू.

हे पत्र मी इतक्यांदा मनात लिहिलं आहे, आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य असायचं: तुम्ही मला विचारलं असतं, सगळं नीट समजावून सांगितलं असतं, तर मी ससे स्वतः आणून तुमच्या हातात दिले असते. आज कागदावर लिहायला बसले तर ते वाक्य लिहिता येत नाही. मी दिले नसते, बाबा. खुराड्याला मिठी मारून बसले असते, शाळा गेली तर गेली म्हटलं असतं, आणि तुमचं ऐकलं नसतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं. तरी विचारायला हवं होतं.