गज टाकलास का

बा, आज मी लई खुशीत आहे, आणि सांगायला तुझ्याइतकं जवळचं कोणी सुचेना. मुरबाडजवळच्या माळावर शिनेमाचं शूटिंग चाललंय. नात तिथं कामाला आहे, ती मला बघायला घेऊन गेली. खुर्ची दिली, चहा दिला, साखर जरा जास्तच. तर तिथं बंदुका सांभाळायला एक निराळा माणूस ठेवलाय. तो दर वेळी बंदूक उघडून सगळ्यांना रिकामी नळी दाखवतो, मगच नटाच्या हातात देतो. मी त्याला विचारलं, "गज टाकलास का रे?" तो हसला, म्हणाला, "आजी, तुमी पोलिसात होता काय?" मी इतकी हसले की चहा लुगड्यावर सांडला. शाळा माझी दुसरीपर्यंतची, तरी घरी येऊन नातीची वही मागून घेतली.

तुझी ठासणीची बंदूक चुलीमागच्या खुंटीवर असायची, आणि बार ठासायचा लोखंडी गज तिच्याशेजारी. त्या गजावर तू खाच पाडली होतीस. नळीत गज सोडला आणि खाच तोंडाशी टेकली तर बंदूक रिकामी, चार बोटं वर राहिली तर आत बार आहे. हे तू मला शिकवलंस, कारण मी एकदा ती बंदूक भाकरी थापणाऱ्या आयेवर धरली होती. निरगुडीच्या फोकानं पाठीची साल निघेस्तोवर मारलंस. आये मधे पडली, तिलाही दोन बसले. मग पाठीला खोबरेल लावताना म्हणालास, "रिकामी असंल तरी माणसावर नाय धरायची गो."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचं ते साल. भात पिवळं झालेलं, रानडुकरं शेतात शिरायची, म्हणून काका बंदूक भरून शेतातल्या माळ्यावर राखणीला बसायचा. डुक्कर आलं नाही तर बार तसाच आत ठेवून पहाटे घरी यायचा. तेव्हाच सिद्धगडाच्या पायथ्याला शिनेमावाले आले, दरोडेखोरांचा खेळ काढायला. त्यांच्या साहेबाला खरी बंदूक हवी होती, पण रिकामी. घोड्याखालची दारूची टोपी नुसती फुटून धूर निघाला की त्याचं काम होणार होतं. बंदूक घेऊन तिकडं निघताना तू बैलांना पाणी दाखवत होतास. तिथनंच विचारलंस, "पोरी, गज टाकलास?"

"टाकला बा. रिकामी हाय."

आपण तिथं पोचलो, आणि नटानं समोरच्या दरोडेखोराच्या छातीवर नळी धरली. तू म्हणालास, "सायेब, जरा बाजूला धरा." साहेब म्हणाला, "अरे, टोपीनं कोणी मरतं काय?" सगळे हसले. तुला राहवलं नाही. धावत गेलास, पंज्यानं नळी वर ढकललीस, आणि बार झाला. तुझी तीन बोटं मातीत पडली. नटाचा पांढरा अंगरखा तुझ्या रक्तानं भिजला. मग त्यांच्या माणसांनी तुलाच पाडलं. भरलेली बंदूक आणलीस म्हणून लाथा घातल्या, तंबूच्या खुंट्यानं तोंडावर मारलं, पुढचे दात गेले. साहेब ओरडत होता, "बंदूक तपासली कोणी?" तू रक्त थुंकून म्हणालास, "मी. चूक माझी."

मी दहा पावलांवर उभी होते. तोंड उघडलं नाही.

महिन्यानं तू कल्याणच्या दवाखान्यातून आलास. डाव्या हातानं पेज पीत होतास, तोच काका गज घेऊन शेतातून आला. म्हणाला, "ह्यो तवापासनं माळ्यावरच राह्यला व्हता, तुमी बंदूक नेली त्याच्या आदल्या रातीपासनं." तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मग गज त्याच्या जागी ठेवलास आणि पेज संपवलीस. मी फोकाची वाट बघत बसले. त्या दिवशीही, आणि पुढं तू होतास तोवर.

बा, त्या सकाळी मी आरशापुढं होते. शिनेमातल्या बाईनं दिलेली लाल रिबीन बांधत होते. गज जागेवर आहे का नाय, तेसुद्धा बघितलं नव्हतं.

आता नात विचारतेय, आजी, एवढं काय लिहितेस. तिला सांगितलं, चहात साखर जास्त होती ते लिहिलं. हे पान फाडून मी धान्याच्या कणगीत ठेवणार आहे. ती रिबीनही तिथंच आहे.