सात जानेवारीची नोटीस

गुरुजी, तुम्ही दिलेली एक जुलै अजून माझ्या प्रत्येक कागदावर आहे. दरवर्षी त्या दिवशी मोबाइलवर शुभेच्छा येतात आणि दरवर्षी मी त्या न वाचता पुसून टाकते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुमची नोकरी पाच महिने आधी संपली, ती माझ्यामुळे. तुम्ही कंप्युटरला मान देऊन घरी गेलात. त्याच्या मागे मी बसलेली होते आणि मला सगळं कळलेलं होतं.

आधी त्या एक जुलैचं सांगते. सानगडीच्या पुढच्या आमच्या गावातल्या तुमच्या शाळेत आई मला घेऊन आली, तेव्हा मी तिच्या लुगड्यामागे लपले होते असं ती सांगायची. तुम्ही टेबलावर दाखल्याचं रजिस्टर उघडून बसलेले. "केव्हाची हाय पोरगी?" आई म्हणाली, "रोवणा चालू होता जी. पऱ्ह्याची पेंडी बांधीत टाकली अन् धुऱ्याधुऱ्यानं घरी गेली मी. तलाव भरला होता." धानाची लावणी चालू असतानाची, हातातली रोपं शेतात टाकून बांधाबांधानं घरी आली त्या दिवसाची, एवढंच तिला माहीत. तुम्ही बोटांवर रोवणे मोजले, वर्ष काढलं आणि पुढे लिहिलं, एक जुलै. धान चुरताना, म्हणजे मळणीत, झालेल्यांनाही तुम्ही तीच दिली, होळीला झालेल्यांनाही तीच. चौथीत मी तोंड वर करून विचारलं होतं, "गुरुजी, आमचा सगळ्याइचा जन्मदिवस एकाच दिवशी काहून?" तुम्ही माझा कान धरलात. जोरात नाही, पण सगळ्या वर्गासमोर. म्हणालात, "तारीख कागदाले लागते बाई. तुले भात लागते, थे खा अन् पाढे म्हण." वर्ग हसला. तुमची स्वतःचीही तारीख एक जुलैच होती, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? तुम्हालाही कोण्या गुरुजींनी अशीच बोटांवर मोजून दिली असणार.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि भंडाऱ्याच्या कार्यालयांतून कागदांचे गठ्ठे ट्रकांत भरून तिकडे जाऊ लागले. कोणाचा कागद कुठे, याचा मेळ लागेना. म्हणून ठरलं की कर्मचाऱ्यांची सगळी माहिती कंप्युटरवर घ्यायची. मी तेव्हा शिकून नुकती बाहेर पडलेली, एका कार्यालयात कंत्राटावर लागले होते. आमच्या घरातली पहिली टेबलखुर्चीची नोकरी. आई बाजारात भेटेल त्याला सांगायची, पोरगी कंप्युटर चालवून राहिली. तीन मुली दिवसभर जुन्या याद्या पाहून नाव, हुद्दा, जन्मतारीख टंकत बसायच्या आणि ते सगळं डेटाबेसमध्ये चढवण्याचा प्रोग्रॅम माझा होता.

आता जरा माझ्या धंद्याचं ऐका. डेटाबेसमध्ये तारखेला वेगळा रकाना असतो. त्यात नुसते आकडे जात नाहीत, अक्षरंही नाहीत, तारीखच जाते. आमच्या मुली टंकायच्या शून्य एक, तिरपी रेघ, शून्य सात. आपण वाचतो एक जुलै. पण मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता ती परदेशातली, तिच्या घरी महिना आधी आणि दिवस नंतर. ती वाचायची सात जानेवारी. आणि तिचा लबाडपणा असा, की पहिला आकडा बाराच्या वर गेला तर ती तक्रार करत नसे. तेरावा महिना नसतो हे ओळखून गुपचूप त्याला दिवस समजायची. मी प्रोग्रॅम तपासला होता, गुरुजी, तपासला नाही असं नाही. ज्या तारखा मला झोपेतही आठवतात त्या घातल्या: सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, आणि आमच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस, चौदा एप्रिल. तिन्ही बरोबर आल्या. येणारच होत्या, तिन्हींचा दिवस बाराच्या वरचा! साहेबांना दाखवलं, ते म्हणाले, "वा." मी जिची तपासणी करायला हवी होती ती तारीख माझी स्वतःचीच होती. ती काही मला सुचली नाही.

निवृत्तीच्या नोटिसा त्या यादीतून निघाल्या. नमुना म्हणून पहिली एक छापून सहीला गेली, सही झाली, टपालात पडली. ती तुमची होती. तुमचं सेवापुस्तक चुकून गोंदियाच्या गठ्ठ्यात गेलेलं, त्यामुळे पडताळायला हाताशी काहीच नव्हतं.

तुम्ही दुपारी आलात. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. मी उठून उभी राहिले. "बस वं बाई, बस. तू इथं हायेस म्हणून तुह्याचकडे आलो." नोटीस माझ्यासमोर ठेवलीत. "मले तं एक जुलै माहीत हाय. हे सात जानेवारी काहून म्हणून राहिले? पयल्या तारखेचा म्हणून जूनअखेर जायचं होतं, आता जानेवारीअखेरच घरी बसवते."

मी तुमची ओळ उघडली. सात जानेवारी. खालची ओळ पाहिली. सात जानेवारी. मी खाली खाली जात राहिले आणि सगळ्या पडद्यावर सात जानेवारी. पलीकडच्या टेबलावर साहेब चहा पीत होते. मला वाटत होतं, आता ते उठतील, माझ्या मागे येऊन उभे राहतील, आणि संध्याकाळी मी आईसमोर काय तोंड घेऊन जाऊ? मी पडदा पुसल्यासारखं केलं आणि यादी बंद केली.

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. आवाज बारीक केलात. मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. पण तुम्ही तर माझ्याहून भ्यालेले होतात. म्हणालात, "मी भांडाले नाही आलो. एकच सांग. मी अर्ज केला तं चौकशी लागंन का? जुने रजिस्टर बाहेर काढतीन का?" मला आधी कळेना. मग तुम्ही म्हणालात, "त्या रजिस्टरात साऱ्या तारखा मी मनानं टाकल्या हायेत. कोणी जवाहरनगरच्या कारखान्यात लागला, कोणी पोलिसात, तू इथं. एकाचं उकरलं तं साऱ्याइचं निघंन. माह्यापायी तुमच्या नोकऱ्या कायले? फक्त चौथीची पोरं परीक्षेले बसवली असती, एवढंच मनात होतं."

गुरुजी, मला त्यातलं काही माहीत नव्हतं. रजिस्टर काढतात का, चौकशी लागते का, मी कंत्राटावरची पोरगी, मला कोण सांगणार? एक अर्ज, एक सही, आणि तुमची तारीख जागेवर आली असती. पण अर्ज आला की चूक कोणाची हे विचारलं गेलं असतं. मी तुमच्याकडे न पाहता म्हटलं, "काढतीन, गुरुजी."

तुम्ही नोटिशीची घडी केलीत, पिशवीत ठेवलीत. "मंग राहू दे," म्हणालात. जाताना माझ्या आईची तब्येत विचारलीत.

तुम्ही जिना उतरला असाल-नसाल, तोवर मी कामाला लागले होते. छापलेल्या बाकीच्या नोटिसा सहीला जायच्या होत्या. प्रिंटरची रिबन खराब आहे, अक्षरं फिकी आली, असं सांगून मी त्या परत घेतल्या आणि फाडल्या. प्रोग्रॅममध्ये दिवस आणि महिना आधी वेगळे काढले, मग वर्ष, महिना, दिवस या क्रमानं जोडले, कोणाला उलटं वाचताच येऊ नये असे. सगळ्यांची माहिती पुन्हा चढवली. दोन दिवसांत सगळ्यांची एक जुलै परत आली, डेटाबेसमध्ये तुमचीसुद्धा. साहेबांना काही कळलं नाही. फक्त तुमची नोटीस तेवढी गेलेली होती.

तुमच्या निरोपाला तुम्ही मला मुद्दाम बोलावणं पाठवलंत. न येण्याचं कारण सापडेना, म्हणून आले. शाळेच्या पटांगणात सतरंजी, वर दोन खुर्च्या, एकीवर मला बसवलंत. चौथीतली एक पोरगी रडत रडत विचारते, "परीक्षा तं एप्रिलात हाय, गुरुजी, तुम्ही आताच काहून चालले?" तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवता. "कंप्युटरात तसं निघालं बेटा." आणि मग माझ्याकडे बोट दाखवून, केवढ्या कौतुकानं सांगता, "थे पाहा, आपल्याच शाळेतली हाय थे. तुमच्यासारखीच इथं बसत होती. आता जिल्ह्याचा कंप्युटर थे चालवते." पोरं टाळ्या वाजवतात. मी हसते. मला वाटत होतं, एवढ्यात कोणीतरी उठेल आणि बोलेल. कोणी उठलं नाही. तुम्हाला मिळालेला नारळ तुम्ही माझ्या हातात दिलात आणि मी तो घेतला.

पुढे मी कायम झाले. तारखांचीच कामं करत आले. नव्या लोकांना तारीख कशी साठवायची ते मीच शिकवते, सगळे म्हणतात मॅडम फार काटेकोर. या आठवड्यात जुनी माहिती नव्या सिस्टिममध्ये चढली. ज्यांची निवृत्ती जन्मतारखेशी जुळत नाही त्यांची यादी निघाली. यादीत एकच नाव होतं. जन्म एक जुलै, निवृत्ती जानेवारीअखेर. समोर कारणाचा रकाना रिकामा, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता माझी नोकरी कोणी काढून घेणार नाही, तरी कोणी मागे उभं आहे का ते मी आधी वळून पाहिलं. तुमची मुलगी तुमसरला असते, पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र तिला पाठवावं असं मनात आलं होतं. पाठवणार नाही.

काल दुपारी त्या रकान्यात मी लिहिलं, 'स्वेच्छानिवृत्ती', आणि यादी मोकळी झाली. गुरुजी, मला हायसं वाटलं.