बाबांच्या कानातली वायर

सोमवार, ३ जून

पुन्हा बंद पडलं! बाबा जेवताना वैतागले होते. "ऐन रंगात आलं की दोन सेकंद सगळं गप्प!" काय रंगात, विचारलं. म्हणे बातम्या.

आमच्याच कंपनीचं नवं श्रवणयंत्र, आतला प्रोग्राम मी लिहिलेला, आणि चाचणीसाठी दिलेल्या चाळीस जणांत माझे वडील. नऊ जणांची हीच तक्रार. ऑफिसच्या टेबलावर मात्र यंत्र दिवसभर शहाण्यासारखं चालतं!

मॅनेजरबाई म्हणाल्या, "वीस तारखेपर्यंत चूक सापडली नाही तर मॉडेल गुंडाळायचं." म्हणजे बाबांचंही यंत्र परत जाणार. हे मिळायच्या आधी दोन वर्षं ते चारचौघांत बसेनासे झाले होते. ते दिवस मला परत नकोत.

गुरुवार, ६ जून

प्रोग्राम कंपाइल करायच्या, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलायच्या आधीच त्यातल्या प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याच्या तोंडाशी नोंदीची एकेक ओळ घातली – आत काय चाललंय ते सगळं कळावं म्हणून. काय कळलं? बॅटरी दुपारी बारालाच संपते! शिवाय यंत्र इतकं रेंगाळलं की माणसाचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. बाबांनी काढून माझ्या हातात दिलं. "हे तूच घाल."

शुक्रवार, ७ जून

आज उलटं केलं. प्रोग्राम होता तसा हलका ठेवला आणि चालू असताना बाहेरून नोंदी चिकटवायला गेले. चिकटवणार कुठे? कंपाइलरने छोटी फंक्शनं एकमेकांत अशी मिसळलीत की कुठलं कुठे सुरू होतं, पत्ता लागत नाही.

आमच्या टेस्टरला सगळे शंकासुर म्हणतात. "तुझी खात्री आहे?" हा त्याचा कायमचा प्रश्न. आज विचारला नाही. नुसता चहा आणून ठेवला.

रविवार, ९ जून

बाबांपुढे रडगाणं गायले. चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून राबलेला माणूस! म्हणाले, "अगं, गिलाव्याच्या आधीच भिंतीत रिकामे पाइप टाकून ठेवायचे. वायर नंतर, हवी तिथेच ओढायची. भिंतही फोडावी लागत नाही."

मी हातातली बशी खाली ठेवली आणि चक्क नाचले! आई बघतच राहिली.

बुधवार, १२ जून

जमलं!!! कंपाइल होतानाच प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा सोडायची, आणि कुठली जागा कुठे, याची यादी ठेवायची. मग यंत्र कानात चालू असताना फोनवरून हव्या त्याच जागेत नोंद भरायची. काम झालं की परत रिकामी. बॅटरीला जाणवतसुद्धा नाही!

आवाज नोंदला जात नाही. कुठलं काम कधी सुरू झालं, बटण कधी दाबलं, एवढंच. तसं बाबांना आधी सांगितलं. ते म्हणाले, "बघ की! माझ्याकडे काय आहे लपवण्यासारखं?"

संध्याकाळी सातला गॅलरीत जाऊन शंकासुराला फोन केला. गेले दोन महिने रोजच करते. आधी कामाचं, मग बिनकामाचं – ते जास्त. हळू आवाजात, दार लोटून. आईला एवढ्यात कळायला नको. बाबा दाराशीच बसलेले असतात, पण दाराआडचं इतकं हळू बोलणं यंत्र लावूनही त्यांना कुठलं ऐकू येतंय!

मंगळवार, १८ जून

सापडली! आवाज वाढवायचं बटण दाबलं आणि नेमकं त्याच क्षणी यंत्र आपली बॅटरी तपासत असलं, की दोन्ही कामं एकमेकांसाठी थांबतात. 'आधी तू', 'नाही, आधी तू' – आणि तेवढ्यात आवाज गायब. ऑफिसच्या टेबलावर बटण दाबतंय कोण!

दुरुस्ती चार ओळींची. शंकासुराने पाचशे वेळा बटण दाबून पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "माझी खात्री आहे." मॅनेजरबाईंनी टाळ्या वाजवल्या. मॉडेल राहिलं! बाबांचं यंत्र राहिलं! मला रडूच आलं, इतका आनंद झाला.

बुधवार, १९ जून

अहवालासाठी बाबांच्या नोंदी नीट लावल्या. सहा दिवसांत बावीस वेळा आवाज वाढवलाय. बावीसच्या बावीस वेळा संध्याकाळी सात ते साडेसातच्या मध्ये!

जाब विचारायला गेले. पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "रविवारी त्याला जेवायला बोलव. आईला मी सांगितलंय."