अंगठ्याखालचं छिद्र

प्रिय ताई,

फोन केला असता, पण बाबा दिवसभर शेजारीच असतात आणि तू अर्धं ऐकूनच रडायला लागतेस. म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

आपली जुनी गाडी गेली. बाबांनी हिवाळाभर खपून जिचं इंजिन नव्यानं बांधलं, तीच. पहिल्याच फेरीला चढावर खालून ठोके यायला लागले, लोखंडी दारावर कुणी मूठ आपटावी तसे. मी म्हटलं, "बाबा, थांबवा." ते म्हणाले, "टॅपेट वाजतंय रे, वरची किरकिर आहे. तू तर जन्मलास तोच घाबरलेला." गल्लीच्या तोंडाशी इंजिन जागच्या जागी आवळलं. घरापर्यंत दोघांनी ढकलत आणली.

मग इंजिन उतरवून टेबलावर उलटं घेतलं. मी प्रत्येक बोल्ट वर्तमानपत्रावर त्याच्या त्याच्या जागी मांडत होतो, तर बाबा म्हणाले, "वरात काढतोयस का बोल्टांची?" आणि चहा प्यायला आत गेले. खालचं तेलाचं चेंबर काढलं. तळाशी तांब्याच्या रंगाचा चुरा. मनात म्हणत होतो, वय झालं असेल इंजिनाचं, तेवढंच निघू दे. मधलं बेअरिंग उघडलं. ते दोन अर्ध्या बांगड्यांसारखं असतं. इंजिनाच्या अंगाला बसतो त्या अर्ध्याला तेल यायचं छिद्र, खालच्या झाकणात बसतो तो कोरा. इथे छिद्राचा अर्धा झाकणात होता आणि कोरा वर. तेलाची वाटच बुजलेली. आत फिरणारा क्रँकचा दांडा तिथे जळून निळा पडला होता.

बाबा बेअरिंग कसं बसवतात ते तुला आठवत असेल. डोळे मिटून, अंगठा फिरवून. छिद्र लागलं की वर, नाही लागलं की खाली. तू चिडवायचीस, "झोप इंजिनाला आली की तुम्हाला?" या वेळीही सगळी त्यांनीच तशी बसवली. मी फक्त बोल्ट आवळले.

ते बाहेर आले, तो अर्धा उचलला आणि अंगठा फिरवत राहिले. छिद्रावरून दोनदा अंगठा गेला, ताई, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. मग उजेडात धरला तेव्हा दिसलं. "हे कुणी बसवलं?" म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "मी. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा." त्यांनी श्वास सोडला. "तरी म्हटलं." मग संध्याकाळपर्यंत माझी आठवीत सुटलेली शाळा निघाली, माझे आळशी हात निघाले. मला बरंच वाटत होतं. ओरडत होते म्हणजे ठीक होते.

पण आता ते मला कशालाच हात लावू देत नाहीत. काल एका गिऱ्हाइकाची गाडी चालू ठेवून वाकले आणि तापलेल्या सायलेन्सरला हात टेकवला. मी ओढला म्हणून सुटला. मला म्हणतात, "काय झालं?" कातडी पांढरी पडली होती. साखर तपासा म्हणून डॉक्टर मागे लागलेत, तर म्हणतात, "त्याला म्हणावं आधी स्वतःची स्कूटर नीट लावायला शिक."

तू रविवारी येणार म्हणून त्यांनी तुझ्या गाडीचे ब्रेक-शू आणून ठेवलेत. रोज पुसतात. "पोरीच्या गाडीचे ब्रेक मी एकटा करणार. तू हवा भरायलासुद्धा जवळ यायचं नाहीस." आणि परत जाताना तो सगळा उतार, मागच्या सीटवर तुझं पिल्लू झोपलेलं. मी काही म्हणायला गेलो की त्यांच्याकडे उत्तर तयार असतं, आणि ते मीच त्यांना दिलंय.

म्हणून लिहिलं. ये, नक्की ये, पण गाडी घरी ठेव, बसने ये. दाजींनी नेली म्हणून सांग. आलीस की त्यांच्याजवळ बस आणि उजवा हात हातात घे. तू घेतलास तर का म्हणून विचारणार नाहीत. बोलता बोलता अंगठा दाब, नख लागेल इतका. त्यांना कळलं, तर मी उगाच घाबरतोय आणि तू मला हवं तेवढं हस. नाही कळलं, तर हात सोडू नकोस, तसाच धरून त्यांना डॉक्टरकडे ने. इंजिन कुणी घालवलं ते तेव्हाही सांगू नकोस.

तुझाच,
जन्मलास तोच घाबरलेला, धाकटा