आमचे बंबोबा

प्रिय छोट्या मॅडम,

परवा तू आईबरोबर दुकानात आलीस, नव्या चष्म्यातून आधी मला न्याहाळलंस, मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलंस, "हे कोण? तुमच्यासारखे तर अजिबात दिसत नाहीत." दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून "आमचे बंबोबा" एवढंच बोलून मी वेळ मारून नेली. तुला ते पटलं नाही, हे तुझ्या भुवयांवरून कळलं. तुला अर्धवट उत्तर चालत नाही, तेव्हा आज दुकान लवकर बंद करून सविस्तर लिहायला बसलो आहे.

ते माझ्यासारखे दिसत नाहीत, कारण आमचं रक्ताचं नातं नव्हतं. माझे वडील मी लहान असतानाच आजारपणात गेले. आई एका इस्पितळात टेलिफोनवर बसायची. मी नऊ वर्षांचा असताना तिने दुसरं लग्न केलं, ते अग्निशमन दलात बंब चालवणाऱ्या या माणसाशी. उंचपुरे, रुंद खांद्यांचे, आणि आवाज असा की कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जावं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते एक ट्रंक आणि चकचकीत पॉलिश केलेले बूट घेऊन आले, तेव्हा मला वाटलं, हा पाहुणा आहे, संध्याकाळपर्यंत जाईल. संध्याकाळी ते माझे शाळेचे कपडे इस्त्री करत बसले. बाहीची घडी अशी की बोट कापावं. दुसऱ्या दिवशी मी शर्ट मुद्दाम चुरगळून घातला. घरी आल्यावर त्यांनी तो धुतला, वाळवला आणि पुन्हा तशीच इस्त्री केली. हे बरेच दिवस चाललं. शेवटी मीच कंटाळलो. माझ्या वडिलांचा फोटो होता तिथेच राहिला. उलट त्याची काच रविवारी हेच पुसायचे.

हाक काय मारायची, हा मोठा पेच होता. 'बाबा' तोंडातून निघेना. 'काका' म्हटलं तर आईचा चेहरा पडेल, ही धास्ती. म्हणून मी हाकच मारायचो नाही. काही हवं असलं की जवळ जाऊन खोकायचो. शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं, पोराची छाती दाखवून घ्या. ते मात्र ओळखून होते. एकदा मी खोकल्यावर त्यांनीही तसंच खोकून उत्तर दिलं आणि आई हातातलं काम टाकून हसत सुटली. "मला बाबा म्हण" असं ते कधी म्हणाले नाहीत. कुणी माझ्याकडे बोट करून विचारलं तर सांगायचे, "आमच्या हिचा मुलगा." तेवढं अंतर ते माझ्यासाठी राखत होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण बरं वाटायचं.

आमची इमारत चार मजली, जिना एकच, आणि त्या जिन्यात सगळ्यांचे संसार सांडलेले. मोडकी कपाटं, सायकली, रंगाचे डबे, कुणाचा तरी पाळणा. जिना रिकामा करा म्हणून हे घरोघर सांगत फिरायला लागले. लोक "हो, हो" म्हणायचे आणि एक डबा उचलून दोन ठेवायचे. हे दुसऱ्या दिवशी परत दारात हजर. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी एकदा वैतागून म्हणाले, "अहो, इथे कुठे आग लागली आहे?" त्यावर यांचं उत्तर, "म्हणून तर आत्ता बोलतोय. लागल्यावर मला बोलायला वेळ नसतो." हळूहळू जिना मोकळा झाला. पटलं म्हणून नव्हे, यांच्या चिकाटीपुढे सगळ्यांनी हात टेकले म्हणून. मग त्यांनी नवं खूळ काढलं. अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी सगळ्यांनी घरं सोडून, भिंत धरून, न पळता खाली यायचं आणि रस्त्यापलीकडे मजल्यानुसार उभं राहायचं. ज्यांना चालता येत नाही त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं. पोरांनी त्यांचं 'बंबोबा' असं बारसं केलं ते तेव्हाच. मला लाजेने तोंड लपवावंसं वाटायचं. त्यात चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या खुर्चीची एक बाजू माझ्या वाट्याला, दुसरी शिंप्यांच्या. आजी अंगाने भक्कम. दर वेळी बजावायच्या, "पाडलंस तर भूत होऊन तुझ्याच घरी येईन."

मी चौदा वर्षांचा असताना, एका भर दुपारी तळमजल्यावरचं गाद्यांचं दुकान पेटलं. बंबोबा कामावर, आई इस्पितळात, आणि आमची तीन वर्षांची धाकटी बहीण माझ्या भरवशावर. दुकान रस्त्याच्या अंगाला आणि जिना मागच्या बाजूला, त्यामुळे धूर जिन्यात शिरायला थोडा अवधी होता. तेवढाच. कुणीतरी ओरडलं आणि मग जे झालं ते आठवलं की आजही मान ताठ होते. कुणी पळालं नाही. दारं उघडली, माणसं भिंत धरून उतरायला लागली. ज्यांनी वर्षभर नाकं मुरडली होती, तेच मागच्याला सांगत होते, "सावकाश, सावकाश." बहिणीला मी चादरीने पाठीशी बांधलं आणि सरळ चौथ्या मजल्यावर गेलो. शिंपी माझ्या आधी तिथे पोचले होते. आजी त्या दिवशी भुताबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. आम्ही सगळ्यांत शेवटी बाहेर पडलो आणि मागे जिन्याचं दार धुराने काळं झालं.

बंब आला तेव्हा सगळी इमारत रस्त्यापलीकडे मजल्यानुसार उभी होती. बंबोबांनी खाली उडी मारली, गर्दीवरून नजर फिरवली. आम्ही दोघं दिसलो तसे क्षणभर बंबाच्या दाराला धरून उभे राहिले. मग वळले आणि कामाला लागले. आमच्याकडे आले ते आग विझल्यावर. बहिणीला कडेवर घेतलं आणि माझी सुजलेली मनगटं उलटीपालटी करून बघायला लागले. त्यांचे अधिकारी शेजारी येऊन म्हणाले, "खुर्ची यानेच उतरवली म्हणे. कोण हा?" त्यांनी सवयीने सुरुवात केली, "आमच्या हिचा..." मी मध्येच बोललो, "यांचा. मी यांचा मुलगा आहे." बंबोबांना एकदम खोकला आला. अधिकाऱ्यांना वाटलं, धुरामुळे. ही गोष्ट मी तुझ्या आईला सांगितली, तेव्हा ती दुकानातल्या स्टुलावर बसून आधी हसली आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

त्यानंतर आख्ख्या वस्तीतून त्यांना असा सराव घ्यायला बोलावणी यायला लागली. शिंपी त्यांचा उजवा हात झाले. कुठल्याही हॉलमध्ये गेलो की यजमानाला भेटायच्या आधी हे दुसरं दार शोधायचे. मी हे दुकान उघडलं त्या दिवशी सगळ्यांनी फुलं आणली. यांनी मागच्या दाराआड आलेलं माझं नवं कपाट सरकवलं. पुढे आईचे सांधे आखडले, हात वर जाईना, तेव्हा तिची वेणी हेच घालायचे, आणि तीही बाहीच्या घडीसारखी काटेकोर. बहीण म्हणायची, "आई, परेडला निघालीस का?" आजही आई त्यांची आठवण काढते ती वेणी घालून घेताना. मी त्यांना शेवटपर्यंत बंबोबाच म्हणत राहिलो. पोरांनी चिडवायला ठेवलेलं नाव, पण माझ्या तोंडून ऐकलं की त्यांना ते पदकासारखं वाटायचं. मागच्या वर्षी ते गेले. म्हातारपणाने, घरात, आपल्या माणसांत.

जायच्या काही आठवडे आधी आम्ही दोघं खिडकीत बसलो होतो, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "आमचं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आजोबांना विचारलं, मामाला विचारलं, माझ्या साहेबांनासुद्धा विचारलं. ज्याच्या घरात राहायला येणार होतो, त्या तुला तेवढं विचारलं नाही. ते चुकलंच." मी म्हणालो, "विचारलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो." तर म्हणाले, "म्हणाला असतास. मी थांबलो असतो."

आता पत्राचं कारण. तुझ्या आईला आणि मला लग्न करावंसं वाटतं. हे आम्ही दोघं एकमेकांशी बोललो आहोत, तिसऱ्या कुणाशीच नाही. तुझ्या मामाशी नाही आणि माझ्या आईशीही नाही. मी लिहितो आहे हे तुझ्या आईला माहीत आहे. काय लिहितो आहे हे तिने विचारलं नाही. तुझ्या बाबांची जागा मला नको. ती त्यांची आहे आणि त्यांचीच राहील. तुझी शाळा, तुझी खोली, मैत्रिणींचा धुडगूस, यातलं काही हलणार नाही. हलायचंच तर मी हलेन. तू नाही म्हणालीस तर मी थांबेन. रुसणार नाही, आईलाही तुझ्यावर रुसू देणार नाही, आणि दुकानात आलीस की फ्रेमच्या रंगावरून तुझ्याशी असाच वाद घालेन. आईच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस. हवा तेवढा वेळ घे, आणि तुझं तू ठरवून सांग. मी तुमच्या घरी राहायला आलो, तर तुला चालेल का?

तुझाच,
चष्मेवाला काका